अलेक्झांडर फॉन हंबोल्ट आणि आटत चाललेलं सरोवर



परिसर अभ्यासाच्या तासाला आपण सगळेच फळ्यावर चार गोल काढतो. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण. एकमेकांत थोडे थोडे शिरलेले चार गोल. मीही वर्षानुवर्षं काढत आलो. दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं की सर, माती यातल्या कोणत्या गोलात लिहायची? तास संपत आला होता. मी शिलावरण असं सांगून मोकळा झालो. तिने वहीत लिहून घेतलं, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. शेतकऱ्याची पोर ती. मातीत पाणी मुरतं, मातीत गांडुळं असतात, नांगरट केली की माती मोकळी होते आणि तिच्यात हवा खेळते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. माती चारही गोलांत आहे, हे माझ्या लक्षात आलं ते घरी जाताना.

त्यानंतर मी हा पाठ वेगळ्या पद्धतीने शिकवू लागलो. गोलांपासून सुरुवात करायची नाही, एका माणसाच्या गोष्टीपासून करायची. त्या माणसाचं नाव अलेक्झांडर फॉन हंबोल्ट. जीवावरण हा शब्दसुद्धा त्याच्या मृत्यूनंतर आला. पण दगड, पाणी, हवा आणि सजीव यांना एकत्र बघायचं कसं, हे ज्यांच्यामुळे जगाला समजलं त्यांत त्याचं नाव फार वरचं आहे. ही गोष्ट तुम्हाला वर्गात सांगता यावी, घरी मुलांना सांगता यावी, म्हणून इथे सविस्तर देत आहे.

हंबोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये झाला. घर श्रीमंत होतं. वडील लष्करातले अधिकारी, राजदरबारात ऊठबस असलेले. तो नऊ वर्षांचा असताना ते गेले. आई कडक स्वभावाची होती. दोन्ही मुलांसाठी तिने उत्तमातले उत्तम शिक्षक घरी ठेवले, पण माया फारशी दाखवली नाही, असं त्याची चरित्रं वाचताना जाणवतं. थोरला भाऊ विल्हेल्म अभ्यासात हुशार. (हाच विल्हेल्म पुढे मोठा भाषातज्ज्ञ झाला, संस्कृत शिकला आणि बर्लिनच्या अकादमीत त्याने भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली.) धाकटा अलेक्झांडर मात्र मागे पडायचा. याच्या डोक्यात काही शिरेल का, अशी शंका घरातल्या मोठ्या माणसांना वाटायची. त्याचे खिसे कायम किडे, पानं, शिंपले आणि दगड यांनी भरलेले असायचे. घरात त्याला थट्टेने छोटा औषधवाला म्हणत.

पालकहो, इथे जरा थांबा. आपल्याकडेही असं एखादं मूल असतं. दप्तर झाडलं की त्यातून चिंचोके, गोट्या, मोराचं पीस आणि एखादा वाळलेला भुंगा पडतो. आपण ते केरात टाकतो. मी स्वतः वर्गात अशी किती दप्तरं रिकामी करायला लावली असतील, देव जाणे.

आईची इच्छा होती की मुलाने सरकारी नोकरीत जावं. म्हणून तो व्यापार शिकला, अर्थकारण शिकला, आणि शेवटी फ्रायबर्ग इथल्या खाणविद्येच्या शाळेत गेला. मध्ये १७९० साली गेओर्ग फोर्स्टर यांच्याबरोबर त्याने इंग्लंडपर्यंत प्रवास केला. फोर्स्टर हे कॅप्टन कुकच्या जहाजावरून जगाची फेरी करून आलेले. त्यांच्या गप्पांनी या पोराच्या मनात समुद्र शिरला तो शिरलाच.

१७९२ मध्ये तो प्रशियाच्या सरकारात खाणींचा निरीक्षक झाला. आता शिक्षकांसाठी खास गोष्ट. खाणीत उतरणाऱ्या मजुरांना आपण कोणता दगड फोडतो, कोणत्या हवेत गुदमरायला होतं, हेही नीट माहीत नाही, हे त्याने पाहिलं. तेव्हा १७९३ मध्ये श्टेबेन या खेड्यात त्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून मजुरांसाठी मोफत शाळा काढली. त्यांना समजेल असा पाठही स्वतः तयार केला. वय वर्षं चोवीस. मजुरांसाठी त्याने वाईट हवेतही तेवत राहील असा दिवा बनवला, श्वास घेण्यासाठी एक उपकरण बनवलं. दिव्याची परीक्षा घ्यायला तो स्वतः विषारी हवा साठलेल्या भुयारात शिरला आणि बेशुद्ध पडला. सोबत्याने ओढून बाहेर काढलं म्हणून वाचला. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. मात्र सांगताना असा प्रयोग घरी करायचा नाही हेही सांगावं लागतं!

१७९६ च्या नोव्हेंबरात आई गेली. वाट्याला मोठी संपत्ती आली. त्याने नोकरीचा राजीनामा दिला आणि जग बघायला निघायचं ठरवलं. पण युरोपात नेपोलियनच्या लढाया चालू होत्या. दोन-तीन बेत ठरले आणि मोडले. पॅरिसमध्ये त्याला एमे बोंप्लाँ नावाचा तरुण फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ भेटला. दोघं स्पेनला गेले, तिथल्या राजाची परवानगी मिळवली आणि ५ जून १७९९ रोजी जहाजातून दक्षिण अमेरिकेकडे निघाले. खर्च सगळा हंबोल्टचा. सोबत चाळीसएक उपकरणं होती. वायुभारमापक, तापमापक, तारे मोजायची यंत्रं, आणि आकाशाचा निळेपणा मोजायचं एक साधनसुद्धा. आकाशाचा निळेपणा मोजायचा असतो, हे ऐकूनच माझ्या वर्गातली पोरं खिडकीकडे धावली होती.

१६ जुलै १७९९ रोजी दोघे आजच्या व्हेनेझुएलातल्या कुमाना बंदरात उतरले. तिथे त्यांनी जे घर भाड्याने घेतलं त्याच्या समोरच्या चौकात गुलामांचा बाजार भरायचा. आफ्रिकेतून आणलेल्या तरुण माणसांचे दात तपासून त्यांची किंमत ठरायची. हे दृश्य तो मरेपर्यंत विसरला नाही. निसर्गाचा अभ्यास करायला आलेल्या माणसाच्या वहीत माणसांचे हाल येऊ लागले, आणि पुढे त्याने एक गोष्ट सतत मांडली. ज्या जमिनीवर गुलामांकडून राबवून एकच एक पीक काढलं जातं, तिथे माणूसही भरडतो आणि जमीनही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. मी या पाठाचा निम्मा वेळ इथेच घालवतो.

१८०० च्या फेब्रुवारीत हंबोल्ट आणि बोंप्लाँ आराग्वा नावाच्या खोऱ्यात पोचले. खोरं सुपीक. नीळ, कापूस, ऊस यांचे मळे. मधोमध व्हॅलेन्सियाचं मोठं सरोवर. चारी बाजूंनी डोंगर. डोंगरातून लहान लहान नद्या उतरून सरोवराला मिळतात, पण सरोवरातून एकही नदी समुद्राकडे जात नाही. तिथले लोक काळजीत होते. सरोवराचं पाणी वर्षागणिक मागे हटत होतं. पूर्वीची बेटं आता किनाऱ्याला जोडली गेली होती. काही नवी बेटं पाण्यातून डोकं वर काढत होती. मोकळ्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर मळेवाले लगेच लागवड करत होते, त्यामुळे काही जण खूशही होते. पण पाणी जातंय कुठे? लोकांचा तर्क असा की तळाला कुठेतरी भोक पडलं असणार आणि पाणी भुयारातून वाहून जात असणार.

हंबोल्टने भोक शोधलं नाही. त्याने जमाखर्च मांडला. मुलांना हे बँकेच्या पासबुकावरून छान समजतं. सरोवरात जमा होतं ते नद्यांचं आणि पावसाचं पाणी. खर्च होतो तो उन्हाने वाफ होऊन. बाहेर जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे पातळी उतरते आहे याचा अर्थ एकतर जमा घटली किंवा खर्च वाढला. त्याने हवेचं तापमान मोजलं, किती पाण्याची वाफ होते त्याचा अंदाज काढला, जुन्या माणसांकडून पूर्वीचा किनारा कुठे होता ते विचारून घेतलं, आणि मग सरोवर सोडून वर डोंगरांकडे पाहिलं.

डोंगर बोडके झाले होते. मळ्यांसाठी जंगल तोडलेलं. शिवाय नद्यांचं पाणी सरोवरात पोचायच्या आधीच पाटांनी नीळ आणि उसाकडे वळवलेलं. त्याने दोन्ही कारणं सांगितली. पाणी वळवण्याचं कारण कोणालाही कळेल. झाडांचं कारण त्याने ज्या तपशिलाने उलगडलं ते त्या काळी नवं होतं. झाडाची सावली जमीन तापू देत नाही. पानांतून बाष्प हवेत जातं आणि हवा गार राहते. पालापाचोळा आणि मुळं पावसाचा मार अंगावर घेतात, पाणी सावकाश जमिनीत मुरतं आणि झऱ्यांच्या रूपाने वर्षभर थोडं थोडं बाहेर येतं. झाडं गेली की हेच पाणी मुरायला थांबत नाही. पावसाळ्यात नदीला लोंढा येतो, लोंढ्याबरोबर डोंगरावरची माती खाली येते, आणि उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं. बघा, एका सरोवराच्या काठावर उभं राहून त्याने दगड, माती, पाणी, हवा, झाडं आणि माणसाची शेती असं सगळं एका वाक्यात गुंफलं. आपले चारही गोल इथे आहेत. पाचवा गोल म्हणजे मळ्याचा मालक.

गोष्ट इथेच संपली असती तर ती फक्त एका हुशार माणसाचा अंदाज राहिली असती. पण पुढे काय झालं ते ऐका. सुमारे वीस वर्षांनी, १८२२ साली, बूसँगो नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ त्याच सरोवरावर गेला. पाणी पुन्हा चढलेलं! ज्या जमिनीवर मळेवाल्यांनी लागवड केली होती तिच्यातली काही पाण्याखाली गेली होती. मधल्या काळात त्या देशात स्वातंत्र्ययुद्ध झालं होतं. मळे ओस पडले, राबणारी माणसं लढाईत गेली, शेतात पुन्हा झाडी माजली, पाट बंद पडले. कोणी ठरवून केला नसता असा प्रयोग युद्धाने करून टाकला. जमाखर्चाचं गणित दोन्ही दिशांनी जुळलं.

इथे एक सावधगिरी. झाडे लावा, पाऊस पडेल, असं आपण प्रभातफेरीत मुलांकडून म्हणवून घेतो. विज्ञान इतकं सरळ नाही. झाडं मुळांनी पाणी ओढून हवेत सोडतातही, त्यामुळे एखाद्या छोट्या पाणलोटात जंगल तोडल्यावर ओढ्याला वर्षभरातलं एकूण पाणी वाढलेलंही आढळलं आहे. फरक पडतो तो पाणी कधी आणि कसं येतं यात. लोंढ्याने येतं की झिरपत, गढूळ येतं की नितळ. शिवाय बूसँगोच्या वेळी पाट बंद झाल्याचा वाटा किती आणि झाडीचा किती, हे त्या एका उदाहरणावरून वेगळं काढता येत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना हे नक्की सांगा. त्यांना ते झेपतं. उलट, मोठी माणसं घोषणेपेक्षा जास्त सांगायला तयार आहेत हे पाहून ती नीट ऐकतात.

सरोवरानंतर दोघे यानोसच्या गवताळ मैदानातून ओरिनोको नदीकडे गेले. वाटेत त्यांना मोरिचे नावाचा माड जागोजागी दिसला. आपल्या कोकणातल्या नारळासारखाच, याचाही कुठलाच भाग वाया जात नाही. फळ खायला, पीठ करायला, रस प्यायला, धागे झोपाळे विणायला. हंबोल्टला त्याहून वेगळं काही दिसलं. कोरड्या मैदानात या माडाच्या बुंध्याशी ओल टिकते, ओल असते म्हणून किडे आणि अळ्या असतात, त्या असतात म्हणून पक्षी येतात, सावलीला इतर रोपं उगवतात. एक झाड काढलं तर किती जणांचा संसार मोडेल, हा विचार त्याने मांडला. आज परिसंस्था शिकवताना आपण जो मुद्दा सांगतो तो हाच.

ओरिनोकोवरचा प्रवास लहान होडीतून, अडीच महिन्यांचा, डासांनी हैराण करणारा होता. कासिक्यारे नावाचा नैसर्गिक कालवा ओरिनोकोला ॲमेझॉनच्या खोऱ्याशी जोडतो, हे तिथल्या लोकांना माहीत होतंच. हंबोल्टने तो होडीने पार करून त्याची जागा नकाशावर पक्की केली. नदीच्या वाळूत कासवांची अंडी तेलासाठी वारेमाप गोळा होतात आणि कासवं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत, हेही त्याने नोंदवून ठेवलं. या सगळ्या प्रवासात होडी वल्हवणारे, वाट दाखवणारे, झाडांची नावं सांगणारे स्थानिक आदिवासी होते. त्यांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी उरली नाहीत. वर्गात हे मी मुद्दाम सांगतो.

मग क्युबा, तिथून कोलंबिया, आणि अँडीज पर्वताची लांबच लांब चढण. १८०२ च्या जानेवारीत ते इक्वेडोरमधल्या कीटो शहरात पोचले. जवळच चिंबोराझो हा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी, उंची ६२६३ मीटर. तेव्हा युरोपात तो जगातला सर्वांत उंच पर्वत समजला जाई. २३ जून १८०२ रोजी हंबोल्ट, बोंप्लाँ, कीटोचा तरुण कार्लोस मोंतूफार आणि एक स्थानिक सोबती असे चौघे वर चढत राहिले. हमाल बर्फाच्या रेषेपाशी परत फिरले होते. वाट म्हणजे हातभर रुंदीची धार, काही ठिकाणी हातापायांवर रांगत. धुकं इतकं की पुढचं दिसेना. बूट फाटले, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, चक्कर यायला लागली. तरी हा माणूस थांबून थांबून वायुभारमापक काढायचा आणि उंची मोजायचा. शेवटी एक खोल भेग आडवी आली आणि परतावं लागलं. त्याच्या हिशेबाने ते ५८७८ मीटरवर होते. तोवर इतक्या उंचीवर पोचल्याची नोंद कोणाच्या नावावर नव्हती. शिखर गाठलं नाही, पण माझ्या मते त्याला जे हवं होतं ते मिळालं.

त्याने पाहिलं असं की पायथ्याशी ताड-माड आणि बांबू, त्यावर दमट जंगल, त्यावर युरोपातल्या थंड प्रदेशासारखी झुडपं, मग गवत, मग दगडाला चिकटलेली दगडफुलं, आणि त्यावर फक्त बर्फ. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत चालत गेलं तर जे पट्टे लागतील तेच एका डोंगरावर उभे रचलेले. त्या काळचे बहुतेक वनस्पतितज्ज्ञ झाडं गोळा करायचे, सुकवायचे, नाव द्यायचे आणि कुळाप्रमाणे कप्प्यात ठेवायचे. हंबोल्टने प्रश्न बदलला. हे झाड कुठे उगवतं, कोणाच्या शेजारी उगवतं, आणि तिथेच का? पुढे त्याने चिंबोराझोचा उभा छेद दाखवणारं मोठं चित्र छापलं. डोंगरावर ज्या उंचीला जी वनस्पती तिथे तिचं नाव, आणि दोन्ही बाजूंच्या रकान्यांत त्या उंचीचं तापमान, हवेचा दाब, ओलावा, आकाशाचा निळेपणा, तिथले प्राणी, तिथली पिकं. डोळ्यांनी आडवी रेघ मारली की एका उंचीवरचं सगळं जग एकदम दिसतं.

हे चित्र मी वर्गात दाखवतो आणि मग मुलांना आपल्या गावाचं असं चित्र काढायला लावतो. वर टेकडी, मग माळ, मग पिकं, मग ओढा. कडेला रकाने. टेकडीवर माती किती खोल, ओढ्याकाठी किती खोल, कुठे कोणतं गवत, दुपारी कुठे किती तापमान. साधा तापमापक आणि एक पट्टी पुरते. दोन शनिवार जातात. मागच्या वर्षी एका गटाने टेकडीच्या उतारावर बोटभर माती आणि ओढ्याकाठी गुडघाभर गाळ अशी नोंद करून आणली. माती वरून खाली कशी येते यावर मग मला वेगळं बोलावं लागलं नाही.

पुढचा प्रवास भरभर सांगतो. पेरूच्या किनाऱ्यावर त्याने समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजलं, ते त्या अक्षवृत्ताच्या मानाने फार थंड निघालं. हा थंड प्रवाह किनाऱ्याला कोरडं ठेवतो. आपल्या नकाशात त्याला पेरू किंवा हंबोल्ट प्रवाह म्हणतात. गंमत म्हणजे हे नाव त्याला स्वतःला मान्य नव्हतं. तिथल्या कोळ्यांना हा प्रवाह शेकडो वर्षं ठाऊक होता, आपण फक्त तापमान मोजलं, असं तो सांगत राहिला. नंतर मेक्सिकोत वर्षभर, मग अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची भेट, आणि १८०४ च्या ऑगस्टमध्ये तो फ्रान्सला परतला. सोबत वनस्पतींचे सुमारे ६० हजार नमुने.

पॅरिसमध्ये तो वीसेक वर्षं राहिला. प्रवासाचं साहित्य मोठमोठ्या सचित्र खंडांत छापता छापता वारशाने मिळालेली संपत्ती संपली. याच काळात १८१७ मध्ये त्याने समताप रेषा काढल्या. हो, भूगोलाच्या पेपरात दोन गुणांना येतात त्याच. त्याआधी तापमानाच्या नोंदींचे लांबच लांब तक्ते असत. त्याने समान सरासरी तापमानाची ठिकाणं रेषेने जोडली आणि दिसलं की रेषा अक्षवृत्तांना समांतर जातच नाहीत. समुद्र, वारे, प्रवाह, डोंगर त्यांना वाकवतात. आपल्या मुलांसाठी मुंबई आणि नांदेड ही जोडी घ्या. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळीसच्या पुढे, मुंबईचा तेहेतीस-चौतीसच्या आसपास. कारण शोधा म्हटलं की मुलं समुद्रापर्यंत आपोआप पोचतात.

हंबोल्टला भारतात यायचं होतं. अँडीज पाहिला, आता हिमालय पाहून दोन्हींची तुलना करायची हा त्याचा ध्यास होता. प्रशियाच्या राजाने पैसे देऊ केले. लंडनला जाऊन त्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे खेटे घातले. परवानगी मिळाली नाही. स्पॅनिश वसाहतींत लोकांना कसं पिळलं जातं हे त्याने छापून टाकलं होतं, आणि हा माणूस आपल्याकडे आला तर काय लिहील याची कंपनीला धास्ती वाटली असावी. हिमालय त्याने कधीच पाहिला नाही. पुढे १८५४ मध्ये त्याच्या शिफारशीने श्लागिंटवाइट बंधू भारतात आले आणि हिमालयात फिरले, तेव्हा तो पंचाऐंशी वर्षांचा होता.

तो नाही आला, तरी त्याची पुस्तकं आली. कंपनीच्या नोकरीतल्या अनेक डॉक्टरांना वनस्पतींची आवड होती आणि हंबोल्टचं लिखाण त्या पिढीत वाचलं जात होतं. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातल्या डोंगरावरची झाडं तोडल्याने झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असं ते सरकारला कळवत होते. व्हॅलेन्सियाच्या काठावरचं तेच गणित.

१८२७ मध्ये राजाने त्याला बर्लिनला बोलावून घेतलं. तिथे त्याने निसर्गावर मोफत व्याख्यानं दिली. विद्यापीठात गर्दी मावेना म्हणून संगीत सभागृहातही दिली. श्रोत्यांत राजघराण्यातली माणसं आणि त्यांचे गाडीवान एकत्र बसत. स्त्रियांना विद्यापीठाचे दरवाजे बंद होते तो हा काळ, आणि सभागृहातली जवळजवळ निम्मी गर्दी स्त्रियांची.

१८२९ मध्ये, साठाव्या वर्षी, तो रशियाच्या बादशहाच्या खर्चाने उरल आणि अल्ताई पर्वतांकडे गेला. वर्ष संपायच्या आत १५ हजार किलोमीटरहून अधिक प्रवास. निघण्यापूर्वी त्याने तिथल्या भूदास पद्धतीबद्दल काही न लिहिण्याचं मान्य केलं होतं, आणि ते पाळलंही. गुलामगिरीविरुद्ध इतकं बोलणारा माणूस इथे गप्प बसला. मला हे खटकतं. वर्गात एकदा आठवीच्या मुलांमध्ये यावर वाद झाला. काहींचं म्हणणं गप्प बसला म्हणून तर जाता आलं, काहींचं म्हणणं मग गेलाच कशाला. मी निकाल दिला नाही. पुढे १८५७ मध्ये प्रशियाच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम त्या क्षणी मुक्त होईल असा कायदा त्याने खटपट करून करवून घेतला, एवढी भर मात्र घातली.

रशियाच्या प्रवासावरच्या ग्रंथात, १८४३ मध्ये, त्याने माणूस हवामान कसं बदलतो याची तीन कारणं दिली. जंगलं तोडणं, पाण्याची वाटणी बदलणं, आणि कारखान्यांच्या ठिकाणी वाफ आणि वायू प्रचंड प्रमाणात हवेत सोडणं. पहिली दोन व्हॅलेन्सियाची. तिसरं कारण लिहिलं तेव्हा युरोपात आगगाड्या नुकत्याच धावू लागल्या होत्या.

वयाच्या पंचाहत्तरीत, १८४५ मध्ये, त्याच्या कॉसमॉस या ग्रंथाचा पहिला खंड आला. आकाशातल्या तेजोमेघांपासून दगडावरच्या शेवाळापर्यंत सगळं एका ग्रंथात मांडायचा घाट. लोकांनी अक्षरशः रांगा लावून घेतला. चार्ल्स डार्विनने त्याचं प्रवासवर्णन बीगल जहाजावर बरोबर नेलं होतं. एर्न्स्ट हेकेल, ज्याने १८६६ मध्ये इकॉलॉजी हा शब्द घडवला, तोही हंबोल्ट वाचतच मोठा झाला. म्हातारपणी मात्र पैशांची ओढाताण होती. घरातलं सामान त्याने आपल्या जुन्या नोकराच्या नावे करून दिलं. कॉसमॉसचा पाचवा खंड लिहून पुरा व्हायच्या आधी ६ मे १८५९ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो बर्लिनमध्ये वारला.

एक धागा राहिला, तो आपल्या अगदी जवळचा आहे. होकायंत्राची सुई कधी कधी कारण नसताना थरथरते, हे हंबोल्टने तरुणपणी रात्र रात्र जागून पाहिलं होतं. त्याला चुंबकीय वादळ हे नाव त्यानेच दिलं. हे वादळ एकाच वेळी सगळ्या पृथ्वीवर येतं का? एका ठिकाणी बसून कळणार नाही. म्हणून त्याने रशियाला आणि १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं लिहून जगभर चुंबकीय वेधशाळांची साखळी उभी करायचा आग्रह धरला. त्या साखळीत ईस्ट इंडिया कंपनीच्या वेधशाळाही आल्या आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. आपले बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचं काम पाहिलं. ज्या कंपनीने हंबोल्टला भारतात पाय ठेवू दिला नाही, तिच्याच नोकरांनी त्याची सुई इथे वाचायला घेतली.

हंबोल्ट गेल्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांत, सूर्यावर प्रचंड उद्रेक झाला आणि आजवर नोंदवलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एक पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याला निरीक्षक डोळ्यांनी आकडे वाचत होते आणि हाताने लिहून घेत होते. उष्ण कटिबंधातून मिळालेल्या त्या वादळाच्या मोजक्या नोंदींमध्ये कुलाब्याच्या वहीतले आकडे आहेत आणि शास्त्रज्ञ आजही ते वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुईला त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये ही मोजणी अलिबागला हलवली, लोखंड न वापरता बांधलेल्या इमारतीत. ती तिथे आजही चालू आहे. अलिबागला सहल नेणार असाल तर किल्ला आणि समुद्र दाखवताना ही जागाही बाहेरून मुलांना दाखवा, आणि सुईची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा.